चौघांच्या गटात काम नेमके कोण करते? महाविद्यालयासाठी आणि कार्यालयासाठी सहकार्याची एक व्यवहार्य पद्धत

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची प्रकल्प परीक्षा ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना पुढचे दृश्य ओळखीचे वाटेल. चार विद्यार्थी बाह्य परीक्षकांसमोर उभे असतात. प्रश्न कोणालाही विचारला तरी चौघांची नजर एकाच मुलीकडे वळते. काळ्या बांधणीच्या अहवालावर मात्र चारही नावे सारख्याच सोनेरी अक्षरांत छापलेली असतात. परीक्षा संपल्यावर स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणते, "हल्लीच्या मुलांना जबाबदारीच नाही." दोन-तीन वर्षांनी हीच मुले नोकरीला लागतात आणि त्यांचे टीम लीड चहाच्या वेळी हेच वाक्य वेगळ्या शब्दांत उच्चारतात.

मी बरीच वर्षे अशा गटांना मार्गदर्शन केले आहे आणि त्याआधी काही काळ एका कारखान्याच्या नियोजन विभागात काम केले आहे. सुरुवातीला मलाही हा स्वभावाचा आणि संस्कारांचा प्रश्न वाटत असे. आता तसे वाटत नाही. गटातली बहुतेक माणसे आळशी नसतात. ती अट घालून काम करणारी असतात, आणि त्यांची अट एवढीच असते की इतरांनीही करावे. ही अट पाळली जात आहे हे त्यांना दर आठवड्याला डोळ्यांनी दिसेल अशी व्यवस्था लावणे, हेच गट चालवणाऱ्याचे मुख्य काम आहे. खालील पायऱ्या प्रामुख्याने प्रकल्प मार्गदर्शकांसाठी आणि लहान चमूंच्या प्रमुखांसाठी लिहिल्या आहेत. मात्र गटात काम करणाऱ्या विद्यार्थ्यालाही त्यांतल्या बऱ्याचशा स्वतःहून अमलात आणता येतील.

आधी हिशेब समजून घ्यावा

माणसाने कसे वागावे यापेक्षा तो प्रत्यक्षात कसा वागतो, हे वर्तनात्मक अर्थशास्त्र प्रयोगांतून तपासते. सहकार्याच्या बाबतीत या शाखेचा सर्वांत उपयोगी प्रयोग म्हणजे सार्वजनिक निधीचा खेळ. अर्न्स्ट फेर आणि सायमन गेश्टर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्याची मांडणी अशी होती: गटात चार जण असतात आणि प्रत्येकाला २० टोकन मिळतात. त्यांतली हवी तेवढी स्वतःकडे ठेवावीत आणि हवी तेवढी सामाईक निधीत टाकावीत. निधीत पडलेल्या प्रत्येक टोकनामागे चौघांनाही, टाकणाऱ्याला आणि न टाकणाऱ्याला सारखेच, ०.४ टोकन मिळते. चौघांनी सगळी टोकन टाकली, तर निधीत ८० जमतात आणि प्रत्येकाच्या हाती ३२ येतात. कोणीच काही टाकले नाही, तर प्रत्येकाकडे मूळचे २० राहतात. तिघांनी सगळी टाकली आणि चौथ्याने काहीच टाकले नाही, तर त्या तिघांना प्रत्येकी २४ मिळतात आणि चौथ्याला ४४. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

हा खेळ दहा फेऱ्या खेळला, की साधारण एकच चित्र दिसते. पहिल्या फेऱ्यांत लोक बऱ्यापैकी उदार असतात, नंतर हळूहळू हात आखडता घेतात आणि शेवटच्या फेरीत बहुतेकांचे योगदान शून्यावर किंवा शून्याजवळ आलेले असते. म्हणजे शिक्षकाला जानेवारीत उत्साही दिसलेला गट मार्चमध्ये थंड पडतो, तोच प्रकार इथे तासाभरात घडतो. असे का होते, याचे उत्तर याच दोघांनी उर्स फिशबाखर यांच्यासह २००१ साली दिले. ४४ जणांच्या त्या प्रयोगात साधारण निम्मे लोक इतरांचे योगदान पाहून आपले योगदान ठरवत होते, तर सुमारे ३० टक्के लोक इतरांनी काहीही केले तरी शून्यच टाकत होते. नमुना लहान होता, परंतु पुढे इतरत्र झालेल्या प्रयोगांतही असे सशर्त सहकार्य करणारेच संख्येने सर्वाधिक निघाले. त्यातली खरी गोम अशी, की हे सशर्त सहकारी इतरांची बरोबरी पुरती करत नाहीत, थोडे कमीच टाकतात; त्यामुळे गटात एकही आयतोबा नसला तरी प्रत्येक फेरीला पातळी थोडी खाली सरकते, आणि एखादा असलाच तर ती वेगाने कोसळते.

घरोघरच्या भिशीशी याची तुलना करून पाहावी. भिशी सहसा बुडत नाही, कारण कोणाचा हप्ता आला नाही हे त्याच महिन्यात सगळ्यांना कळते. प्रकल्पात कोणाचा हप्ता चुकला, हे कळायला परीक्षेचा दिवस उजाडावा लागतो.

पहिली पायरी: गट खरोखर हवा का, आणि केवढा

महाविद्यालयात चौघांचा गट ठरतो, तो बहुधा कामाच्या स्वरूपावरून ठरत नाही. विद्यार्थिसंख्येला मार्गदर्शकांच्या संख्येने भागले की जे उत्तर येते त्यावरून ठरतो. कार्यालयातही काम अडले की "आणखी दोन माणसे द्या" हा पहिला उपाय सुचतो. ब्रॅडली स्टाट्स, कॅथरीन मिल्कमन आणि क्रेग फॉक्स यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात दोघांच्या आणि चौघांच्या गटांना लेगोच्या ठोकळ्यांची एकच आकृती जुळवायला दिली होती. दोघांना सरासरी ३६ मिनिटे लागली आणि चौघांना ५२. माणसांची मिनिटे मोजली, तर पहिल्या गटाची ७२ खर्च झाली आणि दुसऱ्याची २०८. तरीही आपण किती लवकर काम संपवू, याबद्दल मोठ्या गटाला अधिक खात्री होती.

मोठ्या गटात दोन वेगळ्या गळती असतात आणि त्यांवरचे इलाजही वेगळे आहेत. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्सिमिलियाँ रिंगेलमान यांचे दोर ओढण्याचे प्रयोग १९१३ साली प्रसिद्ध झाले. आठ जण मिळून ओढू लागले, की प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढताना लागणाऱ्या जोराच्या जेमतेम निम्मा राहत होता. त्यातला काही भाग ताल न जुळण्याचा होता. पुढे १९७४ मध्ये ॲलन इंगॅम आणि सहकाऱ्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाला 'तुझ्याबरोबर इतरही ओढत आहेत' असे खोटेच सांगितले, प्रत्यक्षात तो एकटाच ओढत होता; तरीही त्याचा जोर कमी झाला. ही दुसरी गळती, म्हणजे अंग चोरणे. ताल जुळवण्यासाठी कामाचे टप्पे नीट पाडावे लागतात, आणि अंगचोरी थांबवायची तर कोणाचा जोर किती लागला हे वेगळे ओळखू यावे लागते.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की काम कागदावर लिहून त्याचे स्वतंत्र भाग मोजावेत. भाग तीन पडत असतील तर गट तिघांचाच करावा. विद्यापीठाच्या नियमानुसार चौघे घेणे भाग असेल, तर विषयाची व्याप्ती वाढवावी आणि चौथा भाग खरोखर निर्माण करावा. "चौथा अहवाल टाइप करेल" ही वाटणी म्हणजे आयतोबाची अधिकृत नेमणूक होय.

दुसरी पायरी: गट कोणी आणि कसा पाडावा

हजेरी क्रमांकाने गट पाडणे सोपे असते, परंतु त्यातून कामाला लागणारी कौशल्ये एकत्र येतीलच असे नाही. मुलांवर सोपवले तर एका खोलीतले, एका गावातले, एका जिल्ह्यातले एकत्र येतात आणि मागे उरलेल्या, विषय राहिलेल्या, नव्याने प्रवेश घेतलेल्या चार जणांचा एक 'उरलासुरला' गट तयार होतो, ज्याच्याकडून कोणीच काही अपेक्षा करत नाही. मी प्रत्येकाकडून दोन पसंतीची नावे घेतो, त्यांतले किमान एक गटात येईल अशी हमी देतो आणि उरलेल्या जागा स्वतः भरतो. एक तरी ओळखीचा माणूस असला की विद्यार्थी बोलू लागतो, आणि दोन अनोळखी असले की टोळी बनत नाही.

या ठिकाणी जातीचा विषय टाळून चालणार नाही. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात तरुणांची क्रिकेट स्पर्धा भरवून केलेला एक प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काहींना मिश्र जातींच्या संघांत खेळवले होते. एकाच संघात खेळलेल्यांची इतर जातींतील मैत्री वाढली. मात्र समोरच्या संघात इतर जातींचे खेळाडू असणे, एवढ्याने तसा परिणाम झाला नाही, उलट काही बाबतींत तो विरुद्ध दिशेने गेला. आपल्यासाठी याचा अर्थ असा, की मिसळण समान गुणांसाठी झटणाऱ्या एकाच गटाच्या आत व्हायला हवी. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातच शाळकरी मुलांना कोडी सोडवायला दिली होती. मुलांची जात सर्वांसमोर जाहीर केल्यावर तथाकथित खालच्या जातींतील मुलांची कामगिरी घसरली. तेव्हा गट जाहीर करताना प्रवेशाचा प्रवर्ग किंवा प्रवेश परीक्षेचे गुण असलेली यादी फलकावर लावण्याची सवय आजच बंद करावी. ही यादी बहुधा कोणी मुद्दाम लावत नाही, कार्यालयाने दिलेला तक्ता तसाच छापला जातो. परिणाम व्हायचा तो होतोच.

तिसरी पायरी: पहिल्याच बैठकीत एका पानाचा करार

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी चराऊ कुरणे, मासेमारी आणि गावोगावच्या सिंचन व्यवस्था यांचा अभ्यास करून दाखवले, की सामाईक साधन सांभाळणारे लोक सरकारी दंडुक्यावाचूनही ते शेकडो वर्षे टिकवू शकतात. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. टिकलेल्या व्यवस्थांत तीन गोष्टी वारंवार आढळल्या: नियम ज्यांना पाळायचे आहेत त्यांनीच ते केलेले असतात, देखरेख त्यांच्यातलीच किंवा त्यांना उत्तरदायी असलेली माणसे करतात, आणि शिक्षा हलक्या उपायापासून सुरू होऊन पायरीपायरीने वाढते. धुळे-नाशिक भागातील पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत हे याचे आपल्याकडचे उदाहरण. बंधाऱ्याखालचे क्षेत्र फडांत विभागायचे, एका फडात एकच पीक घ्यायचे, पाणी कमी असेल त्या वर्षी कोणते फड भिजवायचे हे शेतकऱ्यांनीच ठरवायचे, आणि पाळी सांभाळणाऱ्या पाटकऱ्याचा व जागल्याचा मोबदलाही त्यांनीच द्यायचा, अशी ही रीत आहे.

गटानेही हेच करावे. शिक्षकाने छापील नमुना देऊन सह्या घेऊ नयेत, कारण अशा सह्या हमीपत्रावरच्या सह्यांइतक्याच निरर्थक असतात. गटाला कोऱ्या कागदासह चाळीस मिनिटे द्यावीत आणि पाच प्रश्नांची उत्तरे लिहायला लावावीत. आपण शेवटी नेमके काय सादर करणार? प्रत्येकाचा भाग कोणता, आणि तो पूर्ण झाला हे कशावरून ओळखायचे? काम कुठे ठेवायचे? अडचण आली, आजारपण आले, घरी लग्नकार्य निघाले, तर कोणाला आणि किती आधी सांगायचे? ठरलेले झाले नाही तर पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी काय करायचे? शेवटच्या प्रश्नावर मुले हमखास अवघडतात आणि "तशी वेळ येणार नाही, सर" असे म्हणतात. याच ठिकाणी आग्रह धरावा. भांडण नसताना केलेला नियम कोणाविरुद्ध नसतो. भांडणानंतर केलेला प्रत्येक नियम कोणाचे तरी नाव घेऊन केलेला असतो.

मागे एका गटाने लिहिलेले कलम मला आजही नमुनेदार वाटते: "पहिल्या वेळी गटातला एक जण प्रत्यक्ष भेटून विचारेल, मेसेज करणार नाही. दुसऱ्या वेळी चौघे बसून काम पुन्हा वाटू आणि ते लिहून ठेवू. तिसऱ्या वेळी ते लिहिलेले पान सरांना दाखवू." ऑस्ट्रॉम यांनी जेम्स वॉकर आणि रॉय गार्डनर यांच्यासह १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, शिक्षेची सोय नसतानाही समोरासमोर बोलायला मिळाले एवढ्यानेच सहकार्य वाढल्याचे दिसले होते. "प्रत्यक्ष भेटून" हे दोन शब्द त्या मुलांनी स्वतःहून घातले, याचे म्हणूनच मला विशेष वाटते.

चौथी पायरी: मुदती पाडाव्यात, आणि त्या साधारण समान अंतरावर असाव्यात

रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली पदवीच्या प्रबंधावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना किती दिवस लागतील असे विचारले. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात सरासरी ५५ हून अधिक दिवस लागले आणि स्वतः दिलेल्या तारखेपर्यंत काम पूर्ण करणारे एक तृतीयांशही नव्हते. म्हणून गटाकडून तारीख घेताना "किती दिवस लागतील?" असे विचारूच नये. "मागच्या वर्षी अशाच कामाला किती दिवस लागले होते?" असे विचारावे आणि मागच्या तुकडीतल्या कोणाला तरी प्रत्यक्ष बोलावून उत्तर घ्यावे.

बारा आठवड्यांचे सत्र असेल, तर तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अकराव्या आठवड्याच्या शेवटी हातात घेऊन पाहता येईल अशी एकेक वस्तू मागावी: चाचणीचा आराखडा, एक चालणारा भाग, जोडलेले भाग, अहवालाचा कच्चा खर्डा. बारावा आठवडा मोकळा ठेवावा, कारण लेथवर करायला दिलेला भाग वेळेत येत नाही आणि कंपनीतले साहेब नेमके त्याच आठवड्यात दौऱ्यावर जातात.

पाचवी पायरी: प्रत्येकाचे काम प्रत्येकाला दिसू द्यावे

ही पायरी जमली, तर बाकीच्यांत थोडे उणे-अधिक झाले तरी चालते, असे माझे मत आहे.

मायकल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ साली जोडप्यांना घरकामातला आपापला वाटा वेगवेगळा विचारला. दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक कामांत शंभर टक्क्यांच्या पुढे गेली. यात खोटेपणा नव्हता. आपण केलेले काम आठवते आणि दुसऱ्याने केलेले दिसलेलेच नसते, एवढेच. चौघांच्या गटात ही बेरीज आणखी फुगते. मी दरवर्षी सत्राच्या मध्यावर चौघांना आपला वाटा टक्क्यांत लिहून चिठ्ठी घडी घालून द्यायला सांगतो आणि फळ्यावर फक्त बेरीज मांडतो. वर्गात हसू पिकते, आणि त्यानंतर "मीच जास्त करतो" ही तक्रार बरीच मवाळ होते.

दर आठवड्याला पंधरा मिनिटांची उभी बैठक घ्यावी. एका सामाईक कागदावर प्रत्येकाने तीन ओळी लिहाव्यात: मागच्या आठवड्यात काय पूर्ण केले, ते कुठे पाहता येईल, आणि पुढच्या आठवड्यात काय देणार. "अभ्यास केला", "काम चालू आहे" अशा नोंदी स्वीकारू नयेत. "पाच नमुन्यांची तन्यता चाचणी झाली, वाचने सामाईक फोल्डरमध्ये आहेत" ही नोंद म्हणावी. या तीन ओळींखाली चौथी ओळ न दिसणाऱ्या कामाची असावी. वर्कशॉपमध्ये खेटे घालणे, परवानगीचे पत्र सहीसाठी फिरवणे, कंपनीतल्या अभियंत्याला फोन करून वेळ मिळवणे ही धावपळ ना अहवालात दिसते, ना सामाईक फाइलच्या इतिहासात. जो टाइप करतो तोच काम करतो, असा निष्कर्ष फाइलच्या नोंदींवरून काढणारे मार्गदर्शक मी पाहिले आहेत.

न दिसणाऱ्या कामाची वाटणी 'कोण करेल?' असे विचारून करू नये, पाळीने करावी. लिंडा बॅबकॉक, मारिया रेकाल्दे, लिस वेस्टरलुंड आणि लॉरी वाइनगार्ट यांनी २०१७ साली दाखवले, की ज्या कामाने बढती मिळत नाही पण जे कोणीतरी करणे भाग असते, त्या कामासाठी मिश्र गटांत स्त्रिया अधिक वेळा पुढे येतात आणि त्यांनाच अधिक वेळा विचारलेही जाते. केवळ स्त्रियांच्या किंवा केवळ पुरुषांच्या गटांत मात्र पुढे येण्याच्या प्रमाणात फरक उरत नाही. आपल्याकडे अहवालाची मांडणी, बैठकीचे टिपण आणि निरोप समारंभाचा केक या तिन्ही गोष्टी कोणाच्या वाट्याला येतात, हे वेगळे सांगायला नको.

कार्यालयासाठी या पायरीचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा ओडिशातला आहे. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी यांनी तिथल्या कामगारांच्या लहान गटांवर केलेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. गटात सहकाऱ्यांना वेगवेगळे वेतन दिल्यावर कमी मिळणाऱ्यांचे उत्पादन आणि हजेरी दोन्ही घसरली. मात्र ज्या कामांत कोण किती उत्पादन करतो हे सर्वांना सहज दिसत होते, तिथे त्याच विषमतेचा असा परिणाम झाला नाही. फरकाचे कारण डोळ्यांना दिसले, तर माणूस तो सहन करतो. अलेक्झांडर मास आणि एन्रिको मोरेटी यांनी २००९ साली अमेरिकेतल्या सुपरमार्केटच्या रोखपालांचा अभ्यास मांडला, त्यातही हीच बाब वेगळ्या अंगाने आली: वेगाने काम करणारी व्यक्ती पाळीवर आल्यावर इतरांचा वेग वाढत होता, परंतु तो प्रामुख्याने त्यांचाच, ज्यांच्याकडे तिची नजर जाऊ शकत होती.

इथे एक सावधगिरी बाळगावी. दिसणे सहकाऱ्यांपुरते असावे. हीच नोंद वरिष्ठांच्या हाती धाक दाखवण्याचे साधन म्हणून गेली, की लोक नोंदी फुगवू लागतात आणि कागद भरून वाहतो. मी स्वतः तो कागद दर तीन आठवड्यांनी, ठरल्या दिवशी, गटासमोरच पाहतो.

सहावी पायरी: निर्णयाच्या बैठकीत आधी लिहावे, मग बोलावे

गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ साली दाखवले, की गट बैठकीत बहुतेक वेळ सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या माहितीवर घालवतात, आणि एकाच सदस्याकडे असलेली माहिती, जी निर्णय बदलू शकली असती, ती पुढे येतच नाही. आपल्याकडे यात साहेबांच्या मानाची भर पडते. वरिष्ठांनी मत मांडले, की बाकीचे "सर म्हणतात ते बरोबरच आहे" असे म्हणून मोकळे होतात. त्यामुळे प्रत्येकाने पाच मिनिटे शांतपणे आपले मत आणि आपल्याकडेच असलेली एक माहिती लिहावी, वाचन सर्वांत कनिष्ठापासून सुरू व्हावे आणि प्रमुखांनी शेवटी बोलावे. मोठ्या निर्णयाआधी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची रीत वापरून पाहावी: सहा महिने झाले आहेत आणि हे काम पुरते फसले आहे असे धरून, ते का फसले याची कारणे प्रत्येकाने लिहावीत. एरवी शंका काढणारा नकारघंटा वाजवणारा ठरतो. इथे शंका काढणे हेच नेमून दिलेले काम असते.

सातवी पायरी: अंगचोरांचे काय करावे

दंडाचा मोह सर्वांनाच होतो. उरी निझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी इस्राएलमधील हैफा शहरात पाळणाघरांचा अभ्यास करून २००० साली त्याचे निष्कर्ष मांडले. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावल्यावर उशीर करणारे कमी झाले नाहीत, वाढून जवळजवळ दुप्पट झाले, आणि दंड काढून घेतल्यावरही पूर्वीच्या पातळीवर आले नाहीत. आधी उशीर झाला की शिक्षिकेसमोर ओशाळे वाटत असे; दंडानंतर ती पैसे मोजून घेतलेली सेवा झाली. गटात "गैरहजर राहिल्यास सर्वांना वडापाव" असा नियम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. वडापाव स्वस्त पडतो.

उलट फेर आणि गेश्टर यांच्या खेळात सदस्यांना स्वतःची टोकन खर्च करून इतरांचे टोकन कमी करण्याची मुभा दिल्यावर योगदान टिकले आणि वाढलेही. पण तीही सर्वत्र सारखी लागू पडत नाही. बेनेडिक्ट हेरमान, क्रिश्चियन टोनी आणि गेश्टर यांनी २००८ साली १६ ठिकाणच्या सहभागींची तुलना केली, तेव्हा काही ठिकाणी लोक जास्त योगदान देणाऱ्यांनाही शिक्षा करताना आढळले. 'फार शहाणा समजतो स्वतःला' हा सूर आपल्याही वर्गांत ऐकू येतो. त्यामुळे परस्परांना गुण देण्याची पद्धत सरसकट लावण्याआधी तिची आखणी नीट करावी.

"एकमेकांना दहापैकी गुण द्या" असे सांगितले, तर सगळे सगळ्यांना दहा देतात. त्याऐवजी प्रत्येकाने स्वतःला वगळून उरलेल्या तिघांत शंभर गुण वाटावेत आणि प्रत्येक आकड्यापुढे साप्ताहिक कागदातली एक नोंद पुरावा म्हणून लिहावी. सहाव्या आठवड्यातली वाटणी फक्त माहितीसाठी असावी आणि ज्याची त्याला एकट्याला दाखवावी, म्हणजे सुधारायला सहा आठवडे हाती राहतात. शेवटची वाटणी गुणांत धरावी, परंतु एकूण गुणांच्या लहान भागापुरतीच. मी साठ टक्के गुण गटाच्या कामाला, तीस तोंडी परीक्षेतल्या वैयक्तिक उत्तरांना आणि दहा या वाटणीला देतो. दहा टक्क्यांसाठी कोणी मैत्री मोडत नाही, आणि दहा टक्के अगदीच सोडूनही देत नाही.

पहिल्या वेळच्या भेटीत काय बोलावे, हे मुलांना माहीत नसते, मोठ्यांनाही नसते. आरोप टाळावा, नोंद सांगावी आणि वाट मोकळी ठेवावी. वर्गमित्राला असे म्हणता येईल: "मंगळवारी वाचने येणार होती, ती आली नाहीत. काही अडचण आहे का? असेल तर आत्ता सांग, आपण काम बदलून घेऊ. नसेल तर कधी देतोस ते तूच सांग." वयाने मोठ्या सहकाऱ्याशी बोलताना सूर बदलतो, रचना तीच राहते: "सर, तुमच्याकडून दरांचा तक्ता सोमवारी अपेक्षित होता. त्यावाचून माझी टिप्पणी पुढे सरकत नाही. तुमच्याकडे दुसरे काम आले असेल तर मी कोणाकडून घेऊ, एवढे सांगाल का?" बरेचदा या भेटीत कळते, की तो अर्धवेळ नोकरी करतो आहे, किंवा त्याला दिलेले काम त्याला येतच नाही आणि विचारायची लाज वाटते आहे. अंगचोर समजून ज्यांच्यावर मी चिडलो होतो, त्यांतले निम्मे तरी या दुसऱ्या प्रकारातले निघाले.

आठवी पायरी, केवळ कार्यालयांसाठी: मोबदल्याची रचना तपासावी

चमूने मिळून काम करावे असे भाषणात सांगायचे आणि वर्षअखेरीस त्याच चमूतल्या माणसांची एकमेकांशी तुलना करून उतरंड लावायची, ही विसंगती अनेक ठिकाणी आहे. ओरियाना बॅन्डिएरा, इवान बॅरनकाय आणि इम्रान रसूल यांनी ब्रिटनमधील एका फळबागेतल्या मजुरांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध केला. तिथे सुरुवातीला प्रत्येकाची मजुरी इतरांच्या तुलनेत ठरत होती. आपण जास्त फळे तोडली की सोबत्यांचा मोबदला घटत असे. नंतर ती थेट तोडलेल्या फळांवर देऊ लागल्यावर उत्पादकता सुमारे ५० टक्क्यांनी वाढली. तुलनेच्या पद्धतीत मजूर सोबत्यांची कदर करून, विशेषतः एकमेकांना दिसत असताना, हात सावरत होते. कार्यालयातल्या बुद्धिजीवी कामात हात सावरण्याऐवजी माहिती दडवली जाते, एवढाच काय तो फरक. उतरंड रद्द करणे चमूप्रमुखाच्या हाती नसले, तरी मूल्यमापनाच्या अर्जात "या वर्षी तुमचे अडलेले काम कोणी सोडवले? एक प्रसंग लिहा" हा प्रश्न घालणे त्याच्या हाती असते, आणि त्या उत्तरांत ज्यांची नावे वारंवार येतात त्यांना श्रेणी देताना ती उत्तरे समोर ठेवणेही.

काम संपल्यावरची वीस मिनिटे

सादरीकरण झाले की गट पांगतो. त्याच दिवशी, चहाच्या आधी, चौघांना पहिल्या बैठकीतला करार परत द्यावा आणि कोणते कलम वापरावे लागले, कोणते निरुपयोगी ठरले आणि कोणते घालायचे राहून गेले, ते त्याच पानाच्या मागे लिहून घ्यावे. नावे खोडावीत आणि ही पाने एका फायलीत लावावीत. पुढच्या तुकडीला कोरा कागद देण्याआधी ही फाइल अर्धा तास वाचायला द्यावी. माझ्याकडच्या फायलीत 'घालायचे राहून गेले' या मथळ्याखाली सर्वाधिक वेळा आलेली नोंद एकच आहे: रात्री अकरानंतर गटाच्या व्हॉट्सॲपवर कामाचा मेसेज टाकायचा नाही.